ट्रक गेल्याची नोंद

चाळीसगावहून धुळ्याला निघालेल्या एस.टी.त कामिनी खिडकीशी बसली होती. नोकरीच्या अर्जासाठी घरी करून पाठवायचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम तिला संध्याकाळी द्यायचा होता. मागच्या बाकावर बहीण-भाऊ बोलत होते.

“कुंदन, नोकरीसाठी कंपनीनं नेमकं काय करून मागितलं होतं?”

“केळीचा ट्रक गोदामात आला, ट्रक गेला, याची नोंद. एवढंच, सारिकाताई.”

“मग तू काय केलंस?”

“ट्रक कुठे आहे ते दाखवणारा नकाशा केला. भाषा तीन दिल्या, अहिराणीसुद्धा. त्यामा बठ्ठं शे! सगळं आहे त्यात.”

“ट्रक गेल्याची नोंद?”

“ती राहिली.”

“बाकीचं तरी चाललं का?”

“माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतं.”

“त्यांच्याकडे?”

“सुरूच झालं नाही. कसं सुरू करायचं ते मी लिहिलं नव्हतं. म्हटलं, इंजिनियर आहेत, समजेल त्यांना.”

“आणि आईला सांगितलंस, निवड झाली म्हणून?”

“‘होईल’ म्हणालो. ‘झाली’ म्हणून गावभर आईनं सांगितलं.”

“आता रे?”

“कंपनीवाल्यांच्या हातापाया पडलो. उद्यापर्यंत दुरुस्त करून पाठव म्हणालेत.”

“केलंस?”

“जवळजवळ. आता ते आवाजावरसुद्धा चालतं.”



“ट्रक गेल्याची नोंद, कुंदन?”

“आज बसतोच ना त्याला.”

“आज नाही, आत्ता. काढ लॅपटॉप. धुळं येईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.”

बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. कामिनीनं मोबाइल काढला आणि तिनं अर्ज केलेल्या कंपनीनं पाठवलेला प्रश्न पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.