संडासाचं कुलूप

नाई व माय, वांगं तं बिलकुलच नाई. तुह्या सासऱ्याची बी आतड्याची दुर्बीन-तपासनी हाये न, मंग त्याले तीन-चार दिवस आधीपासून बियाचं, सालीचं, पालेभाजीचं काईच देजो नोको. भाकर नाई, संत्रं नाई, तिळाची चटनी तं लपवूनच ठेवजो. नरम भात अन् मुगाचं वरन, बस. बी आतड्याले चिपकून बसते अन् डाक्टरच्या दुर्बिनीले तेच दिसते. आदल्या दिवशी तं निर्रं पानी — गाळलेलं वरनाचं पानी, नारळाचं पानी, गाळलेलं लिंबू-सरबत. लाल रंगाचं नाई, आत रगत वाटते. अन् पोट साफ कराची पावडर अर्धी संध्याकाई, अर्धी पहाटे. पहाटेची चुकवली का सारी मेहनत वाया — राती आतडं पुन्हा घान करते म्हने. डाक्टरीनबाईनं मले दोनदा समजावलं. मी चौथी शिकली, पन आयकलेलं इसरत नाई.

माह्या बुढ्याचं आज हाये. आत्ताच आत नेलं. दिवाईपासून रगत पडून राह्यलं न त्याईले झाड्यावाटे. मनोहरराव नाव — अल्लीपूरकडं भाजीपाल्याची वाडी हाये आमची. तं जेवनाचं मी सारं बरोबर केलं, हो. काल तं शालूले — नातसून होय माही, सातवा सुरू हाये — तिले म्हनलं, भरलं वांगं कर, लसनाचा ठेचा कर, दार उघडं ठेव. बुढा खाटेवर वरनाचं पानी पेत बसला. नाकपुड्या अशा फुलत होत्या त्याच्या.

काऊन म्हनतं? आता तुले काय सांगू — बरं, सांगतो. आमच्याकडं संडास हाये. चांगला पक्का. अन् बुढ्यानं त्याले कुलूप ठोकलं. टाकं भरते म्हने. आपन बसाचं, पावना आला तं त्यानं बसाचं, बायायनं काहाले भरावं? बायायले रोड हाये. भरत नाई इतक्या लवकर, ग्रामसेवक सांगून थकला — पन आयकते कोन. किल्ली करगोट्याले बांधेल. आमी अंधार पडाची वाट पाहाची, टमरेल घेऊन रोडच्या कडंले बसाचं, अन् गाडीचा उजेड आला का उभं राहाचं. बसाचं, उठाचं. पावसात, तापात, साऱ्यात. शालू पोट धरून उठते, पुन्हा बसते. परवा पडली पोरगी. मी म्हनलं, तिच्यापुरती तं किल्ली द्या. बुढा म्हने, माही माय पोटुशी असताना बाहेरच गेली, काई झालं नाई तिले.

अन् मंग डाक्टरीनबाईनं पावडर लिहून देल्ली. मले तं देवानंच लिहून देल्ली वाटलं.

आता आंग धुताना करगोटा ढिला झाला असन, किल्ली पडली असन — पडली म्हनलं न, मी काहाले काढू? दिवे लागले, पावडर पेली, अन् जराकशानं बुढा आंगनात उभा, दोन्ही हातानं धोतर धरून. किल्ली दे. मी म्हनलं, "किल्ली हाये, पन टाकं भरन न. आज तं तुमचं दहा मानसाचं हाये." अन् टमरेल देल्लं हातात. गेला रोडकडं. मी अन् शालू कुंपनापाशी. टेम्पो आला — बुढा उठला. बसला. मंग एसटी. उठला. मंग शेजारचा भैय्याजी फटफटी थांबवून इचारते, आबाजी, काई हरपलं का? मी पदर कोंबला तोंडात. शालू नाई हासली. म्हने, आजी, पुरे करा.

पुरे काहाचं. मी दारात बसली. आला तं म्हनलं, तुमच्या तोंडानं शालूले सांगा, कुलूप निंगालं म्हनून, अन् हे घ्या किल्ली. नाई बोलला. तोंड उतरलं, पन नाई बोलला. पहाटे दुसरी पावडर देल्ली, तं रिकामा गिलास आनून देल्ला मले. रिकामाच होता — पन कढीपत्त्याच्या बुडाशी पानी, अन् पाऊस तं पडला नाई... हो, पाह्यलं न मी. आता अशी काहाले पाहतं माह्याकडं? डाक्टरीनबाईले सांगाले पाह्यजे होतं? मरावा असं थोडीच म्हनतो मी. त्याचं रगत पाहून मले का झोप येते? पन एका शब्दाचं काम होतं बाई. एका शब्दाचं.

थांब, सिस्टर आली — हो, मीच, मनोहररावच्या घरची. साफ नाई? काईच दिसलं नाई? — नाई पेली सिस्टर, पहाटेची झाडाले घातली त्याईनं. पाह्यलं मी. — उद्या पुन्हा? अन् बुढा काय म्हनते? — आयकलं का व? घरी नाई जात म्हने. इथंच भरती करा, इथं संडास खोलीतच हाये. नातसुनेले एक शब्द बोलाचा नाई म्हनून दवाखान्यात झोपते लेकाचा.

करा भरती सिस्टर. पावडर मी पाजतो, दोन्ही वक्ताची, सामोर बसून, घोट घोट.

तुह्या मोबाईलवरून एक लावून दे मले, नंबर पाठ हाये — शालू? आजी बोलतो. लोखंडी सब्बल काढ — नाई, तू नोको वाकू, भैय्याजीले बोलाव. कुलूप नोको तोडू म्हना, कोयंडाच उपटा चौकटीतून. पुन्हा काई लटकवाले जागाच राहाले नोको. अन् पयले तू जाय. उजेडातच जाय, हो. आबाजी? राहतीन इथं, उद्या होते त्याईचं. रडतं काऊन, जाय न.

घे तुहा मोबाईल. अन् ऊठ आता, तुह्या सासऱ्याचं नाव पुकारून राह्यले.