सात नंबरच्या खुर्चीतले नंदूकाका

मी, प्रबुद्ध खंडू हिवराळे, वय २३ वर्षे, शिक्षण बारावी (अपूर्ण), धंदा चित्रीकरणात कंटिन्यूइटी सहायक, राहणार कामराज नगर, घाटकोपर (पूर्व), मुंबई. बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की,

वरील पत्त्यावर मी आईवडिलांसह राहतो. पवई येथे बंद कारखान्याच्या शेडमध्ये एका टीव्ही चित्रपटाचे चित्रीकरण चालू आहे, तेथे मी काम करतो. एका शॉटमध्ये माणूस जसा बसला असेल तसाच तो पुढच्या शॉटमध्ये दिसला पाहिजे, हे पाहणे माझे काम. त्यासाठी मी युनिटच्या टॅबवर प्रत्येकाचे फोटो काढतो.

चित्रपटाची गोष्ट पुढच्या काळातली आहे. लोकांना डोळ्यांवर लावायच्या एका यंत्राचे व्यसन लागते. ते खातपीत नाहीत, हाक मारली तरी ऐकत नाहीत. एक महिला डिटेक्टिव्ह त्याचा तपास करते. हे यंत्र थर्माकोलचे असून आत एलईडीची पट्टी आहे, बाकी काही नाही. युनिटमध्ये त्याला डबा म्हणतात.

गेल्या गुरुवारी व्यसनी लोकांच्या अड्ड्याचा सीन होता. सात नंबरच्या खुर्चीत नंदकिशोर तोरस्कर, वय अंदाजे ५८, राहणार कांदिवली, हे ज्युनिअर आर्टिस्ट होते. त्यांना सर्व जण नंदूकाका म्हणतात. दिग्दर्शिका रुचिरा मॅडम यांनी सर्वांना सांगितले होते, "कोणी हलवलं, ओरडलं, तरी हलायचं नाही. तुम्ही इथे नाहीच आहात." त्यावर नंदूकाका म्हणाले, "मॅडम, बायको जन्मभर म्हणत होती, नुसता बसून असतोस. आता कामच बसायचं मिळालं."

सकाळी डबा लावल्यावर मी त्यांच्या खांद्याला हात लावून पाहिले. ते हलले नाहीत. मी दोनदा हाक मारली. मी घाबरलो, तेव्हा ते मोठ्याने हसले व म्हणाले, "काय रे मेल्या, मी हललंय काय?" हे मुद्दाम सांगतो, कारण दुपारी मला तेच आठवले.

पावणेबाराच्या फोटोत त्यांचे तोंड सरळ असून उजव्या हाताच्या बोटांनी खुर्चीची दांडी धरलेली आहे. साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली, तेव्हाच्या फोटोत ती बोटे सुटलेली आहेत. तोंड उजवीकडे उतरले आहे व लाळ आहे. मला तो अभिनय चांगला वाटला.

डब्याच्या वायरी खुर्चीला चिकटवलेल्या असल्याने पुढच्या रांगेला जेवण जागेवरच दिले. जेवताना बाकी सगळे डबा वर सरकवून मोबाईल बघत होते. मीही बघत होतो. नंदूकाकांचे ताट खुर्चीखाली तसेच होते. ते कोणी उचलले ते मला माहीत नाही.

सुट्टीनंतर लाइट बदलण्यात बराच वेळ गेला. मेकअपदादांनी नंदूकाकांचे तोंड पुसले. मी फोटो दाखवून सांगितले की, आधीच्या शॉटमध्ये लाळ आहे, ती पाहिजे. त्यांनी ग्लिसरीन लावून ती पुन्हा केली. मी म्हणालो, "झकास काका, अजिबात हलला नाहीत." ते काही बोलले नाहीत. मी म्हणालो, "पुरे आता काका, शॉटला वेळ आहे." तरीही ते बोलले नाहीत. त्यावर मी आठ नंबरकडे गेलो.

साडेचारच्या सुमारास शॉट झाला. त्यात डिटेक्टिव्ह झालेल्या बाई सात नंबरचा खांदा हलवून डबा काढतात. त्यांनी डबा काढताच नंदूकाका उजवीकडे कलून खाली पडले. मॅडम म्हणाल्या, "कट! कमाल केलीत काका!" युनिटने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी ते उठले नाहीत. मी जवळ गेलो, तर त्यांचा एक डोळा अर्धा उघडा होता.

प्रॉडक्शन मॅनेजर धवल सर व मी त्यांना गाडीने रुग्णालयात नेले. पोहोचायला सव्वापाच वाजले. नंदूकाकांची मुलगी शर्मिष्ठा ताई स्कॅन चालू असताना आल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे, साडेचार तासांच्या आत असेल तर इंजेक्शन देता येईल. त्यांनी विचारले, यांना शेवटचे धडधाकट कोणी, कधी पाहिले? धवल सर म्हणाले, "साडेतीनला माझ्यासमोर चहा प्यायले." डॉक्टरांनी नर्सला इंजेक्शन तयार करायला सांगितले.

नंदूकाकांनी चहा घेतलेला नव्हता. मी टॅब पुढे करून डॉक्टरांना दोन्ही फोटो दाखवले. धवल सर म्हणाले, "तू गप रे, तुला काय कळतं?" डॉक्टरांनी फोटो मोठे करून पाहिले व विचारले, "ही वेळ बरोबर आहे?" मी हो म्हणालो. मग ते म्हणाले की, साडेचार तास उलटून गेले आहेत, आता दिले तर मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. इंजेक्शन दिले नाही.

बाहेर आल्यावर शर्मिष्ठा ताईंनी मला विचारले, "तू बोलला नसतास तर दिलं असतं ना?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग बाबा बरे झाले असते?" मी डॉक्टरांना विचारा असे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुला विचारतेय. दिवसभर बाबांकडे बघायचं काम तुझंच होतं ना?"

दुसऱ्या दिवशी धवल सरांनी टॅब मागितला. मी टॅब दिला. फोटो मी आधीच दुसरीकडे उतरवून ठेवले होते, ते आज ठाण्यात दिले आहेत. मला कामावर येऊ नको असे कळवले आहे.

नंदूकाका आजही रुग्णालयात आहेत. त्यांना बोलता येत नाही, उजवे अंग चालत नाही. काल मी भेटायला गेलो होतो. खांद्याला हात लावून दोनदा हाक मारली. ते हलले नाहीत. ते हसतील म्हणून मी थोडा वेळ उभा राहिलो.

हा जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. लाळ पुन्हा लावायला सांगितली, हे वाक्य गाळायचे का, असे साहेबांनी विचारले. ते माझ्या सांगण्यावरून तसेच ठेवले आहे. बाकी मजकूरही मी सांगितला तसाच लिहिला असून बरोबर आहे.

(सही)
प्रबुद्ध खंडू हिवराळे