शालिकराममामाच्या गळ्यातली नळी

आदरणीय अध्यक्ष शेषरावजी, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, नागपूरला निघालेल्या ज्या सिस्टरांना आज आपण निरोप देत आहोत त्या मथुराबाई, वॉर्डातल्या बाकी सगळ्या सिस्टर आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या मायबापहो,

पहिले कबूल करतो. हे भाषण लिहायला मला पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मी ते आज दुपारी लिहिलं, राजहऱ्याहून येणाऱ्या ट्रकवर बसून. त्यामुळे माझं अक्षर मलाच लागत नाही. दोन दिवस मी भिलाईत नव्हतो. कावून नव्हतो, ते पुढे येईलच. राजहऱ्याला चहा मात्र फार चांगला मिळतो... असो.

शालिकराममामाला आपण सारे ओळखता. कारखान्यात क्रेनखाली उभं राहून इशारे देणारा माणूस. अंगठा वर म्हणजे उचल, बोट खाली म्हणजे उतरव, मूठ बंद म्हणजे जागच्या जागी थांब. असा माणूस कुरुदला दोस्ताचं छप्पर शाकारायला जातो काय, पायात खिळा घुसतो काय आणि धनुर्वात होतो काय! एकोणीस दिवस अंधाऱ्या खोलीत, कारण उजेडानंही झटके यायचे. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली.

मामा त्या खोलीतून बाहेर आला तेव्हा कौशल्यामामीने पेढे वाटले. मथुराबाईंनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "खाते बाई. पण खरं काम आता सुरू झालं."

ते काम काय होतं? नळीच्या आत एक नळी. ती दर चार तासांनी काढायची, धुवायची, उकळायची, परत बसवायची. भोकावर ओलं फडकं. चुलीचा धूर नको, गळ्यावर पाणी नको. आणि आवाज? तो नाहीच. श्वास नळीतूनच बाहेर पडायचा, आवाजापर्यंत पोचायचाच नाही. एकदा मामाने मूठ दाखवली. मामी म्हणाली, "पाहा, मलेच धमकावून राहिले!" मथुराबाई धावत आल्या. कफ अडकला होता. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून क्रेनचे सगळे इशारे शिकून घेतले आणि मामीला बजावलं, "मूठ दिसली की आधी आतली नळी काढायची. भांडण मग."

पुढे मामाला घरी सोडलं आणि नळीचं काम माझ्याकडे आलं. आता माझा गुन्हा ऐका. आपल्या कारखान्यात ज्याला त्याला वेस्टने पुसायची सवय. तेच, मशीन पुसायच्या सुताचे गुंते. हात वेस्टने, सायकल वेस्टने, एखादा तर ताटही वेस्टनेच पुसेल. मी नळीही वेस्टनेच पुसली. चांगली चकचकीत केली. नळी काढण्याआधी तिला बूच लावून पाहतात, की माणूस नाका-तोंडाने श्वास घेतो का. मामाला बूच लावलं आणि दहा मिनिटांत मूठ! आत सुताचे धागे, सूज, पू. महिना वाया गेला. मामा माझ्याकडे पाहीना.

मथुराबाईंनी मला बाहेर बोलावलं. "देवीदास, तुहा मामा क्रेनचं चाक हाय का रे?"

"नाही बाई."

"मंग त्याले वेस्टनं कावून पुसतं? पळून जाशील आता?"

मी खरंच पळणारच होतो. त्यांनी मामीचं जुनं लुगडं माझ्या हातात दिलं. नळी पुसायला रोज चाळीस तुकडे. उकळायचे, वाळवायचे, कडा आत दुमडायच्या, एक धागा लोंबता कामा नये. कुठेही आठ दिवस न टिकलेला मी, एकतीस दिवस टिकलो. कोणामुळे? सांगायला पाहिजे का?

परवा बूच पुन्हा लावलं. या वेळी मामाची मूठ पाहण्याची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी राजहऱ्याच्या ट्रकवर चढलो. मथुराबाईंची ड्युटी संपली होती, तरी त्या दोन्ही रात्री मामाजवळ बसल्या. "नागपूरला जाईन ते तुमचा आवाज ऐकूनच," असं त्यांनी मामाला सांगितलं होतं. आज चार वाजता नळी काढायची होती. नेमकं तेव्हाच आपण बाईंना हार घालायला इथं आणलं. डॉक्टरसाहेबांची खुर्ची रिकामी कावून आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. बाईंचे डोळे तासभर दारावर आहेत, हेही दिसून राहिलं. बाई, तिकडे काहीही झालं असेल, मी पळणार नाही. उद्याचे चाळीस तुकडे मी आल्या आल्या उकळायला टाकले आहेत.

आता आभार. अध्यक्षांचे, सिस्टर मंडळींचे आणि ज्या मामीने लुगडं फाडू दिलं तिचे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर ट्रकच्या धक्क्यांवर ढकला आणि मला पदरात घ्या...

मागे कोण कल्ला करून राहिलं?

चाकाची खुर्ची आहे. डॉक्टरसाहेब स्वतः ढकलत आणून राहिले. बाई, मामा आला! गळ्याला पट्टी आहे, नळी नाही. हात वर केला त्यानं... नाही, खाली घेतला. भोकातून श्वास निसटू नये म्हणून पट्टीवर दोन बोटं दाबली.

चूप बसा रे सगळे. मामा बोलून राहिला.