खांद्याची गोळी

हलू नका, वस्तरा आहे — नाही हो, रागावलो नाही मी, पण समोरासमोर दुकानं आपली, तुम्ही औषधवाले, मी न्हावी, आणि मलाच गोळी नाही म्हणता? अहो, हा खांदा दिवसभर हवेत धरावा लागतो, तुमच्यासारखा काउंटरवर टेकवून कसं चालेल? मान जरा वर — हां. परवा काय सांगितलंत? दुखऱ्या जागी शरीर एक द्रव्य बनवतं, ते नसांना चेतवतं, म्हणून ठणकतं — आणि गोळी ते बनूच देत नाही. पटलं. पण पुढे म्हणालात, गोळीला पत्ता माहीत नसतो, ती रक्तातून सगळीकडे फिरते, आणि पोटात तेच द्रव्य आतलं अस्तर राखतं, गोळी तेही बंद पाडते. म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! छे, माझी गोळी बरोबर खांद्यातच जाते. का? गिळली की लगेच खांदा चोळतो ना मी — रस्ता दाखवायला! हसू नका, कापेल.

आणि तुम्ही नाही दिलीत म्हणून काय अडतंय? नाक्यावरचा देतो, बसस्टँडमागचा देतो — म्हणजे, कधीतरी. हल्ली दुखायच्या आधीच घेतो, सकाळी, नुसत्या चहावर — जेवण कुठे जातंय! पोट? पोट मस्त आहे, जरा जळजळतं एवढंच. भीती वाटते हो, खोटं कशाला बोलू? हात खाली पडला तर मी कोण? वस्तऱ्याशिवाय दुसरं येतं काय मला? बायकोचं तर भलतंच — मला शौचाला काळं होतं, डांबरासारखं, तर म्हणते, गिऱ्हाइकांचा कलप चाटता की काय! मघाशी दोन पायऱ्या चढलो तर डोळ्यांपुढे अंधारी — झोप नाही, दुसरं काय... अहो, आरशात असे काय बघताय? उठताय कुठे? एक गाल राहिलाय! मनगट सोडा, लागेल कुणाला तरी — बरं, ठेवला वस्तरा. काय, ते काळं म्हणजे पोटातलं रक्त? दवाखान्यात? आत्ता? तुम्ही असे, अर्ध्या फेसानं? लोक काय म्हणतील — बरं बरं, येतो, ओढू नका, शटर तरी पाडू द्या... थांबा... नाही जात हात वर. तुम्हीच पाडा.