बीटाच्या गावातली शाळा आणि परीक्षितरावांचा सत्कार

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाच्याही अध्यक्षा शोभनाताई, पुण्याहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या नीलांबरीताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती परीक्षितराव, शेजारी बसलेल्या आसावरीवहिनी, पुढच्या रांगेतले काका, काकू, माझे स्नेही, सामोशांच्या टेबलाजवळ उभी असलेली तरुण मंडळी, आणि अगदी शेवटच्या रांगेत बसलेले, आमच्या गावाहून दीड तास गाडी चालवत आलेले डेल आणि लोइस, सर्वांना माझा नमस्कार.

डेल आणि लोइसना मराठी येत नाही. लोइसनं मघाशी विचारलं, "टाळ्या कधी वाजवायच्या ते खुणेनं सांगशील का?" मी हो म्हटलं आहे. खूण करायची वेळ येईल असं वाटत नाही, पण शब्द दिला आहे.

मला तुमच्यातले थोडेच ओळखतात. मी मनोहर. कोल्हापूरच्या बाजूला, मारुतीच्या देवळात चौथीपर्यंत भरणाऱ्या शाळेत शिकलो. उसाच्या कारखान्यात केमिस्ट झालो आणि तिथून अमेरिकेत, या शहराच्या उत्तरेकडे दीड तासावर, बीटापासून साखर काढणाऱ्या कारखान्यात आलो. इथं ट्रॉय शहरात जे थोडे लोक मला ओळखतात ते वेगळ्या कारणानं. कुणाकडे सत्यनारायण असला आणि गुरुजी मिळाले नाहीत की फोन मला यायचा. कथा मला पाठ आहे.

आज बोलायला मला परीक्षितरावांनीच सांगितलं. त्यांचा फोन आला, "मनोहरराव, झालं गेलं सोडून द्या. शाळेतर्फे कुणीतरी हवं, यू आर द बेस्ट पर्सन. दोन शब्द चांगले बोला." म्हणजे मी त्यांच्या आग्रहावरून उभा आहे. हे सर्वांनी लक्षात ठेवावं.

मघाशी चहाच्या वेळी नीलांबरीताई माझ्याजवळ आल्या. त्यांची संस्था पुण्याजवळ नवी निवासी शाळा काढते आहे आणि परीक्षितराव तिचे संचालक म्हणून जात आहेत. ताई म्हणाल्या, "अमेरिकेतल्या खेड्यात जाऊन एका मराठी माणसानं शाळा स्थापन केली, चालवली, वाचवली. आमच्या विश्वस्तांनी हेच बघून निर्णय घेतला. तुम्ही जवळून पाहिलंय ना सगळं?" मी म्हटलं, "ताई, चहा घ्या. भाषणात सांगतो." परीक्षितरावांशी करार अजून व्हायचा आहे, असंही त्या बोलता बोलता म्हणाल्या. तर मी आता सांगतो.

आज सकाळी देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो. क्षमा करायची बुद्धी दे, असं मागितलं. प्रामाणिकपणे मागितलं. अजून तरी आलेली नाही. वाटेत येईल म्हणून गाडी हळू चालवली.

आमचं गाव म्हणजे बीट आणि राजमा. चर्च, कारखाना, एक पेट्रोल पंप. २००२ साली जिल्ह्यानं चार गावांच्या शाळा एकत्र केल्या आणि आमची बंद केली. सहा वर्षांची पोरं अंधारात बसमध्ये बसायची. लोइस ती बस चालवायची. ती सांगते, मुलं गाडीतून उतरवावी लागायची, कारण ती झोपलेली असायची. डेलच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गाव जमलं. तिथं ठरलं की चार्टर मागायचा. चार्टर म्हणजे परवाना. शाळा सरकारीच, पण ती चालवायची गावातल्या पाच माणसांच्या मंडळानं, आणि परवाना द्यायचा विद्यापीठानं. त्यासाठी जो अर्ज लागतो तो लिहिणं आमच्यातल्या कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. डेल म्हणाला, "तुझ्या त्या शहरातल्या मित्रांमध्ये कुणी आहे का, ज्याला असली भाषा येते?"

होते. परीक्षितरावांना मीच घेऊन गेलो. त्यांनी अर्ज लिहिला, आणि काय लिहिला. विद्यापीठातल्या लोकांनी तो वाचून दाखवला तेव्हा आमचं गाव आम्हालाच ओळखू येईना. त्या अर्जाशिवाय शाळा उघडली नसती, हे मी आज या व्यासपीठावरून मान्य करतो. त्याबद्दल शाल त्यांना जरूर मिळावी. मंडळावर आम्ही पाचजण झालो: परीक्षितराव अध्यक्ष, त्यांचे मित्र सुशांतराव, मी, डेल आणि लोइस. सुशांतराव, तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात, मला दिसताय. आरामात बसा.

शाळा उघडली. पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गाला बाई मिळेनात. माझी पत्नी कांचन शिकवू लागली. तिच्याकडे गावाकडचं बी.एड. होतं, इथलं प्रमाणपत्र तिनं कारखान्याच्या वसाहतीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करून मिळवलं. दोन वर्षं तिनं तो वर्ग सांभाळला. डेलची नात तिच्याकडे वाचायला शिकली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिच्या नेमणुकीचा ठराव सभेत आला. सभा शाळेच्या जिममध्ये, गाव खुर्च्यांवर बसलेलं, कांचनही बसलेली. परीक्षितराव म्हणाले, "आय हॅव अ कन्सर्न अबाउट द अ‍ॅक्सेंट. लहान मुलांच्या कानावर जे पडतं ते आयुष्यभर राहतं." डेल म्हणाला, "माझा आजा मरेपर्यंत जर्मन उच्चारात इंग्रजी बोलला. त्यानंच मला वाचायला शिकवलं." गाव हसलं. परीक्षितराव हसले नाहीत. मतदान झालं. ती माझी पत्नी, म्हणून नियमानं मला मत देता येत नव्हतं. डेल आणि लोइस बाजूनं, परीक्षितराव आणि सुशांतराव विरोधात. मतं सारखी पडली की ठराव पडतो. मी हात मांडीवर ठेवून बसलो आणि माझ्या डोळ्यांदेखत बायकोची नोकरी गेली.

पार्किंगमध्ये परीक्षितराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नथिंग पर्सनल, मनोहरराव. बोर्ड म्हटलं की रूल्स आले." खरं होतं. त्या दिवसापर्यंत मी नियम कधी नीट वाचले नव्हते. मग वाचले. थंडीभर वाचले. पोथी वाचतो तसे, रोज थोडे.

इथला एक नियम तुम्हाला सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सरकारी शाळेच्या मंडळातले पाचांपैकी तिघं कुठंही एकत्र बसून शाळेच्या कारभारावर बोलू लागले, की ती सभा होते. आणि सभा असली की आधी दारावर सूचना लावावी लागते, दार उघडं ठेवावं लागतं, गावातल्या कुणालाही आत येऊन बसू द्यावं लागतं. तसं न करता काही ठरवलं, तर ते टिकत नाही. आपल्याकडे हे कुणाला पटतं? आपण चार माणसं घरी जेवायला बोलावतो, ठरवतो, आणि मग सभेत हात वर करतो. सभा म्हणजे आपल्याला बारशाच्या पेढ्यांसारखी असते, नाव आधीच ठरलेलं.

२००६ च्या श्रावणात परीक्षितरावांकडे सत्यनारायण होता. गुरुजी मिळाले नाहीत. फोन मला आला. कांचन म्हणाली, "त्यांच्याकडे जाऊन कथा वाचणार?" मी म्हटलं, "देवाची आहे, त्यांची नाही." गेलो, सोवळं नेसून कथा वाचली, आरती झाली. आसावरीवहिनींनी शिरा फार सुरेख केला होता, वहिनी, हे आजही सांगतो. द्रोण हातात घेतला, तोच परीक्षितराव म्हणाले, "मनोहरराव, जरा बेसमेंटमध्ये या. सुशांतही आहे."

खाली सोफ्यावर ते दोघं. परीक्षितराव म्हणाले, "अहो, ते बीटाचं गाव दहा वर्षांत संपणार. स्टेटमध्ये नवे चार्टर मिळणं बंद झालंय. आपल्या हातात एक आहे. तो इकडे ट्रॉयमध्ये आणू या. आपल्या मुलांसाठी. स्कोअर्स बघा मग."

सुशांतराव म्हणाले, "यार, वेटिंग लिस्ट लागेल."

मी अजून उभा होतो. मी जिन्यानं वर निघून गेलो असतो तर त्या दोन मित्रांच्या गप्पा राहिल्या असत्या. मी ते जाणून होतो. मी सोफ्यावर बसलो.

मी विचारलं, "डेल आणि लोइसला विचारायला नको?"

"ते दोघं. आपण तिघं."

"म्हणजे आपण तिघांनी इथं ठरवलं की ठरलं?"

"ठरलंच की. सभेत नुसता ठराव मांडायचा."

मी शिरा संपवला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पाहुण्याचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं आपण धरतो. त्यांनी तसंच धरलं.

पुढच्या सभेला विद्यापीठाच्या बाई आल्या होत्या. परीक्षितरावांनी शाळा हलवण्याचा ठराव मांडला. लोइसचा चेहरा मी पाहिला. मग मी उभा राहिलो आणि सांगितलं, की या ठरावावर आधीच चर्चा होऊन निर्णय झालेला आहे, एका घराच्या तळघरात, दार बंद, सूचना नाही. बाईंनी विचारलं, "तिथं किती सदस्य होते?" मी म्हटलं, "तीन." त्या म्हणाल्या, "तिसरा कोण?" मी म्हटलं, "मी."

नीलांबरीताई, शाळा वाचली ती तिथं. विद्यापीठानं तो ठराव घेतला नाही, आणि आम्हा तिघांनाही मंडळातून काढलं. मलाही. ते मला आधीच माहीत होतं. परीक्षितराव दारात मला म्हणाले, "पूजेच्या घरात बसून दगाफटका केलात." मी म्हटलं, "कथा मी मोठ्यानं वाचली होती. ऐकत कोण होतं?" तेव्हापासून मी सभेला मागच्या खुर्चीवर बसतो. शाळा डेल आणि लोइस चालवतात. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जमलेल्या लोकांनी ती स्थापन केली. परीक्षितरावांनी तिचा अर्ज लिहिला आणि मग ती उचलून न्यायला आले. तुमच्या विश्वस्तांना एवढं कळवा. पुण्याजवळच्या तुमच्या शाळेतही कुणी बाई कोल्हापूरकडच्या असतील.

सभागृह शांत झालं आहे. याचं कारणही मला माहीत आहे. ट्रॉयमधल्या त्या न झालेल्या शाळेसाठी या हॉलमधल्या बऱ्याच घरांनी मुलांची नावं सांगून ठेवली होती. बेसमेंटमधलं बोलणं तुमच्यापर्यंत आमच्या गावाच्या आधी पोहोचलं होतं. तुम्ही कुणी विचारलं नाहीत, की ती बीटाच्या गावातली मुलं कुठं जातील. त्यानंतर दोन वर्षं मला कुणी पूजेला बोलावलं नाही. आता गुरुजी मिळत असतील, असं मी धरून चालतो.

त्या सभेनंतर मी ही गोष्ट आपल्या लोकांत आजवर कुठंही बोललो नव्हतो. महाराष्ट्र मंडळाच्या अंकात परीक्षितरावांचा फोटो "शाळेचे शिल्पकार" म्हणून छापला, तेव्हाही गप्प बसलो. वाट पाहत होतो म्हणा. बदला घेणं देवाला आवडत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण जे घडलं ते घडलं तसं सांगणं त्याला आवडत असावं. दोन्ही एकाच वेळी होत असतील तर माझा इलाज नाही.

आता कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे की शाळेतर्फे शाल मी पांघरवायची. शोभनाताई, एक बदल करतो. मी शाळेच्या मंडळात नाही, मला तो हक्क नाही. डेल आणि लोइसच्या मंडळानं मागच्या महिन्यात उघड्या दाराच्या सभेत पहिली-दुसरीच्या बाईंची नेमणूक केली. त्या वर्गावर पुन्हा कांचन आहे. तर शाळेतर्फे शाल तीच घालेल. तिला मी हे सांगितलेलं नाही. येताना गाडीत ती एवढंच म्हणाली होती, "जायचं तर चांगलं बोला, नाहीतर घरी बसा." कांचन, ये. नको वाटलं तर बसून राहा, शाल टेबलावर राहील.

परीक्षितराव, ती उंचीनं लहान आहे. तुम्हाला जरा वाकावं लागेल.

शोभनाताईंनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. आसावरीवहिनींना माझ्या बोलण्यानं आज त्रास झाला, त्यांची मात्र मी मनापासून क्षमा मागतो. बाकीच्यांना माझ्या गावाकडच्या बोलण्यात काही उणं वाटलं असेल तर सांभाळून घ्या. अधिक वाटलं असेल, तर ते मी मोजूनच घातलं आहे.

नमस्कार.