पिवळा ठिपका लावलेल्या गाड्या

त्या सकाळी माझे हात पिठात होते. अंगण झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, शेळीला पाला टाकला होता आणि तिसरी भाकर तव्यावर होती. तेवढ्यात शेडमधून मिस्त्रींचा आवाज आला, "कौसा, ये गं, जरा स्टेअरिंग धर."

"भाकर करपंल," मी म्हणाले.

"करपू दे. करपलेली मी खाईन."

मी तशीच पिठाच्या हातांनी गाडीत जाऊन बसले.

मंडळी, मला भाषण येत नाही. तुम्ही कामधंदा सोडून विहारात आलात. कुणी कुरुंद्याहून आलात, कुणी कळमनुरीहून. आतापर्यंत जे बोलले, ते मिस्त्रींबद्दल चांगलंच बोलले, आणि ते खरं आहे. माझा आवाज मधेच बसला तर थांबा थोडं. पण मला त्या सकाळपासूनच सांगावं लागेल. त्या सकाळचं मला एकटीलाच माहीत आहे.

आमचं काम असं चालायचं. जुन्या पिकपचं स्टेअरिंग ढिलं पडतं. चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही. मिस्त्री गाडीखाली झोपून स्टेअरिंगच्या पेटीवरचा स्क्रू आवळायचे. मी वर बसून सांगायचे.

"किती हलतंय?"

"चार बोटं."

"आता?"

"दोन."

"आता गं?"

"काईच हलत न्हाई."

मग ते खुशीत बाहेर यायचे आणि त्या स्क्रूवर पिवळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका लावायचे. स्क्रू सरकला तर ठिपका चिरलेला दिसतो, म्हणून. पण तुम्हाला ती हळद वाटायची. "मिस्त्रीनं हळद लावली, आता आपली गाडी नवरी झाली," असं तुमच्यातलंच कुणीतरी म्हणालं होतं. आपण सगळे हसलो होतो.

पूर्वी ते असं करत नव्हते. चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे उघडायचे, झिजलेला सांधा बदलायचे. दिवस जायचा. पण त्या जुन्या गाड्यांचे सांधे आता मिळत नाहीत. मिळाले तर टिकत नाहीत. हळदीचा हंगाम तर कुणासाठी थांबत नाही. तुम्ही घाईत होतात. म्हणून यंदा ते नुसता स्क्रू आवळायला लागले. अर्ध्या तासात गाडी नव्यासारखी.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं वाचन मी किराण्याच्या पुड्यांवर शिकले. शेडमध्ये रद्दीतून आलेलं एक मोटार दुरुस्तीचं पुस्तक आहे, हिंदीतलं, पुठ्ठा नसलेलं. ते मी एका दुपारी वाचलं. त्यात असं होतं की गाडी बहुतेक सरळच चालते, म्हणून पेटीतले दाते मधेच झिजतात, कडेचे झिजत नाहीत. मधलं ढिलेपण काढायला आवळलं, तर कडेचे दाते वळणावर दाबून बसतात. मग वळलेलं स्टेअरिंग आपणहून माघारी येत नाही. मी ते त्यांना वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "पुस्तकवाल्यानं आपला रस्ता पाह्यलाय का?"

मी म्हणाले, "रस्ता न्हाई पाह्यला. पेटी तर पाह्यली आसंल."

"झाली आता माझी मिस्त्रीण," असं म्हणून ते हसले. मीही हसले. पुन्हा विषय काढला नाही.

निसारचाचा इथं बसले आहेत. मिस्त्री त्यांच्या हाताखाली शिकले. चाचा, तुम्ही एकदा आमच्या शेडमध्ये चहा पिताना म्हणाला होतात, आठवतं? "बेटा, स्टेअरिंगला हाताशी थोडं बोलू दे. ते मुकं झालं तर तकलीफ कोण सांगणार?" मिस्त्री तुमच्यासमोर व्हय व्हय म्हणाले. तुम्ही गेल्यावर म्हणाले, "चाचा म्हातारे झाले."

तर त्या सकाळी आमच्याच गाडीचा नंबर होता. मी "काईच हलत न्हाई" म्हणाले. त्यांनी ठिपका लावला आणि मला शेजारी बसवून फाट्यापर्यंत चक्कर मारली. वळणावर त्यांनी गाडी वळवली, आणि परत सरळ करायला दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. मी ते बघितलं.

"आधी तर हातातून सुटून आपोआप माघारी येत होतं," मी म्हणाले. "आता काहून येत न्हाई?"

"नवं आवळलंय. दोन दिवसांत मोकळं होईल."

घरी आलो. भाकर करपली होती. त्यांनी ती खाल्ली, लसणाच्या चटणीसोबत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते हळदीची पोती घेऊन निघाले. नाल्याच्या वळणावर गाडी खाली गेली आणि मिस्त्री गेले, ते तुम्हाला माहीत आहे. कुणी म्हणतं डुलकी लागली. कुणी म्हणतं जनावर आडवं आलं. रस्त्याच्या कामावर तिथं दोन बाया होत्या. मी त्यांना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, वळण संपलं तरी गाडी वळतच राहिली. आणि आत मिस्त्री दोन्ही हातांनी काहीतरी ओढून राहिले होते. डुलकी लागलेला माणूस ओढतो का?

परवा गाडी ओढून घरी आणली. पुढची चाकं अजून डावीकडेच वळलेली आहेत. गाडी पार चेपली आहे, त्यामुळे नक्की काय अडकलं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मी आत हात घालून स्टेअरिंग धरलं. या गाडीचं स्टेअरिंग मी बारा वर्षं धरत आले. ते मुकं होतं.

सुदाम भाऊजी, माझे दीर, मला काल म्हणाले, "वहिनी, हे लोकांत बोलू नका. दादाचं नाव खराब होईल." भाऊजी, राग मानू नका. नाव तुम्हाला प्यारं आहे, मलाही आहे. पण आज तुम्ही मला तुमच्या पिकपमध्ये बसा म्हणालात आणि मी पायी आले. का आले, ते तिथं सांगितलं नाही. आता सांगते. तुमच्या गाडीच्या पेटीवर पिवळा ठिपका आहे.

विहाराच्या दारात मी खाली वाकले, तेव्हा दोघी-तिघी धावत आल्या. चक्कर आली असं त्यांना वाटलं. चक्कर नव्हती. मी चाकांच्या आतून बघत होते. बाहेर पाच गाड्या उभ्या आहेत, ठिपका असलेल्या. पाचही गाड्यांत वर मी बसले होते. पाचही वेळा "काईच हलत न्हाई" मीच म्हणाले. एकट्या मिस्त्रींनी नाही केलं ते. आम्ही दोघांनी केलं.

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, आमची गाडी तर छान चालून राहिली. मिस्त्रीही दोन दिवस तेच म्हणत होते.

या पाच गाड्या आज इथून हलवू नका. निसारचाचा एकेक पेटी मोकळी करतील, सांधे तपासतील. त्यांनी कबूल केलं आहे. तोवर एसटीने जा. अजून दोन गाड्या आहेत, त्या इथं नाहीत. एक सेनगावकडची, एक औंढ्याची. त्यांच्या मालकांची नावं मी दाराशी कागदावर लिहून लावली आहेत. ज्यांच्याकडे त्यांचे नंबर असतील, त्यांनी आधी बाहेर जाऊन फोन करा. त्यांनी उचलला नाही तर परत करा. फोन करणारे आत येईपर्यंत आपण थांबू.

मग आपण सगळे उभे राहू आणि दोन मिनिटं शांत राहू. मिस्त्रींसाठी. त्या दोन मिनिटांत बाहेरून कुणाच्या गाडीचा आवाज येऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

माझा सगळ्यांना जय भीम.

एक राहिलंच. शेडच्या पाटीवर पिवळ्या रंगात एक ओळ होती. जुन्या गाडीचं स्टेअरिंग नव्यासारखं करून मिळेल. ती अक्षरं माझी होती, त्याच डब्यातल्या रंगाने काढलेली. परवा संध्याकाळी मी आमच्या गाडीचं स्टेअरिंग धरून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडलं, पाणी भरलं, शेळीला पाला टाकला, आणि स्टुलावर चढून ती ओळ खरवडून काढली.