टप नको, ताडपत्री

हॅलो?… हां प्राप्ती, बोल… अगं अलिबागलाच हाय, गॅरेजात. आपल्या पिकपच्या हौद्यात उभी हाय… कशाला म्हंजे? खाली उतरले तर हा मिस्त्री अल्पेश वर बंद छपराचा टप बसवायला भोकं पाडेल ना!

हो, मीच थांबवलं. ताडपत्री टाकायची.

हो, हो… अगं ऐक ना… आईचं ऐक तरी! टप दिसतो चांगला, मी कुठं न्हाय म्हनते? पांढराशुभ्र, काळ्या काचा. पन तो बसला की बाजूचे फाळके उघडायचे न्हायत. मग म्हावरं काढायला मागून रांगत जाऊ? लुगडं सावरत? या गुडघ्यांनी?

पाऊस? पाऊस काय म्हावऱ्याला नवीन हाय?

कुलूप?… म्हावऱ्याला कुलूप कोन घालतं गं! बर्फ पेटीत ऱ्हातो, वर ताडपत्री. दोरी सोडली, गुंडाळली, फाळका पाडला, झालं दुकान. गिऱ्हाईक लांबून बघतं. पापलेट चमकलं तर बाई उंबरा सोडून येते. कल्ले उघडते, लाल हायत का बघते, मग भाव इचारते. झाकलेलं म्हावरं कोन घेतं?

काय?… कोन बोललं?… चांगदेवशेठ? तुझे होनारे सासरे?… थांब, नीट सांग… रविवारी सुपारीला येताना गाडीला टप असू द्या? का?… होमस्टेचे पाहुने असतात… दारात उघडी म्हावऱ्याची गाडी बरी दिसत न्हाय…

अच्छा.

मग इतका येळ मला पाऊस आनि कुलूप कशाला सांगत व्हतीस?

ए अल्पेश! हात लावू नको, बोलतेय ना मी!

न्हाय, तू ऐक आता. नागावात त्याच शेठच्या ओटीवर डोक्यावरची म्हावऱ्याची पाटी उतरवायची मी. तू पोटात व्हतीस. रेवदंड्यावरनं चालत, रिक्षावाले घ्यायचे न्हायत, पाटीचं पानी गळतं म्हनून. आनि शेठची आई बोंबील नाकाला लावल्याबिगर घ्यायची न्हाय. तेव्हा बरा चालायचा वास!

तू काय सांगितलंस त्यांना, मी काय करते?… मोठ्यानं बोल… होलसेल बिझनेस?

न्हाय, ओरडत न्हाय. वाईट वाटलं, ते सांगते सरळ. याच म्हावऱ्यावर शिकलीस तू, प्राप्ती. हॉस्टेलला डबा घेऊन आले तर मैत्रिनींना वाटायचीस ना सुकट?… मग?

बरं, बरं, रडू नको. माझं ठरलं. रविवारी गाडी अशीच येनार. फाळके उघडे, वर सुरमई. शेठला नको असेल तर शेठ सुपारी ठेवू दे फडताळात. मी कोनाच्या दारात चोरून जानार न्हाय.

एकच सांग. शेठचं सोड, त्यांच्या पोराचं, चिरागचं पन सोड. तुला लाज वाटते का माझी?

…

खरं सांग. रागावनार न्हाय मी.

…

वाटायची… हां. आनि आता?

…

काय?… निळी ताडपत्री? अगं काळी तयार हाय इथं, निळी कशाला?… लांबून ओळखू यायला? कोनाला?… सगळ्या नागावला?

तू बसनार पुढं? माझ्या शेजारी?… नवी साडी नेसून, म्हावऱ्याच्या गाडीत?… वास लागेल हां, आधीच सांगते.

चिरागला कोन सांगनार, गाडीला टप न्हाय म्हनून?… तू? कधी?… मग ठेव ना फोन, त्याला लाव आधी! मला काय धरून बसलीस!

ए अल्पेश, तो टप उचल. निळी हाय का रे ताडपत्री?